उज्ज्वलाचं उभं राहणं

"चहा नको, सूनबाई. तू आधी मशीन थांबव," बाबूसिंग नाईक म्हणाले.

उज्ज्वलानं शिलाई मशीनच्या पायडलवरचा पाय उचलला. अर्धं शिवलेलं पोलकं सुईखाली तसंच राहिलं. बाबूसिंग बंजाऱ्यांच्या या तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख. तिची सासू जमनीबाई वारली तेव्हा, 'प्रार्थनेत गेलेल्यांना इथं माती देता येणार नाही,' हा तांड्याचा निरोप घेऊन तेच दारात आले होते. त्यानंतर आज प्रथमच त्यांनी या अंगणात पाऊल टाकलं होतं.

"ग्रामपंचायतीची निवडणूक लागली," ते बाजेवर टेकत म्हणाले. "आपल्या वॉर्डात बाईची जागा हाये. माह्या पॅनलमधून तू उभी राह्य."

"मी? मी कायले, काका?"

"हातपंपाच्या वक्ताले ग्रामसभेत तूच बोलली होती नं. लोकायच्या ध्यानात हाये ते." थोडं थांबून ते म्हणाले, "अन् तुमच्या प्रार्थनेतल्या घरायचे मतंही हायेत. खोटं कायले बोलू तुह्यासंग?"

उज्ज्वलानं पोलक्याचा लोंबता दोरा तोडला. तिच्या मनात सासूचंच येत होतं. बाबूसिंगांनाही ते कळलं असावं.

"त्या वक्ताले तांडा ऐकत नव्हता," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मी एकटा काय करणार होतो? आता पंचायत आपली आली तं गायरानातून तुमाले माती द्याले जागा काढू. शब्द देतो."

ते गेल्यावरही ती मशीनवर बसली नाही.

जमनीबाई तांड्यातली पहिली ख्रिस्ती प्रार्थनेला जाणारी बाई. तिच्यामागून तिला याडी म्हणणारा मुलगा जीवन, सून उज्ज्वला आणि हळूहळू आणखी काही घरं गेली. ती वारली तेव्हा जीवननं तिला स्वतःच्या काळीपिवळी जीपमध्ये, दारव्ह्याचे पॅसेंजर बसतात त्या दोन सीटांच्या मधोमध निजवलं आणि यवतमाळच्या ख्रिस्ती कब्रस्तानात नेलं. तिथल्या माणसानं जागा दिली, पण जाताना सांगितलं, "पुढच्या वेळी तुमच्याकडेच सोय बघा." दुसऱ्या सकाळी जीवननं जीप धुतली आणि पुन्हा पॅसेंजर भरले. त्यावर तो कधी बोलला नाही.

बाबूसिंग येऊन गेले त्या संध्याकाळी जेवताना मात्र तो लगेच बोलला. "उभी राह्य. याडीले आपण कसं नेलं, तुले माहीत नाही काय?"

"माहीत हाये. पन ज्यायनं नाही म्हटलं त्यायच्याच पॅनलमधून?"

"मंग कोणाच्या? आपलं पॅनल हाये काय?"

उज्ज्वलानं ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी ती रामधन पास्टरांकडे गेली. रामधनही तांड्यातलेच, तरुणपणी पुसदकडे कामाला गेले आणि तिकडून विश्वासी होऊन परतले. पत्र्याच्या एका खोलीत त्यांनी प्रार्थनेची मंडळी उभी केली होती. ओसरीवर त्यांची बायको हंसाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. उज्ज्वलानं सगळं सांगितलं. पास्टरांनी मधे एकदाही टोकलं नाही.

"आपल्याले कर द्या म्हणून सांगतलं हाये, बेटा," शेवटी ते म्हणाले. "अधिकाऱ्यासाठी प्रार्थना करा म्हणूनही सांगतलं हाये. खुर्चीवर बसा म्हणून मले तरी कुठं दिसलं नाही."

"पन पास्टर, खुर्चीवर कोणी चांगलं बसलंच नाही तं?"

"पुसदकडं आमच्या मंडळीतले दोघं सख्खे भाऊ निवडणुकीले उभे राह्यले. दोन पॅनलमधून. निवडणूक गेली. दोघं रविवारी मंडळीत प्रभुभोजनाले आले, तं एक दारातून आत आला की दुसरा उठून जाये. अर्धी मंडळी ह्याच्या मागं, अर्धी त्याच्या मागं. मी पाह्यलं ते." त्यांनी हात झटकले. "माती द्याची जागा भेटंल तुले. मंडळी राहीन काय, हे मले सांग."

हंसाबाई शेंगांवरून नजर न उचलता म्हणाल्या, "अन् मंडळी राह्यली, पन मेल्यावर कुठं न्याचं हेच माहीत नाही, त्याचं काय?"

रामधननी बायकोकडे पाहिलं आणि एक शेंग उचलून तेही सोलू लागले.

त्या रविवारी यवतमाळहून एक पाहुणे पाळक आले. त्यांनी उपदेशात सांगितलं की विश्वासणारे घरात बसले तर गाव दुसरेच चालवतात. मीठ डब्यात ठेवून कालवणाला चव येत नाही. उज्ज्वलाला वाटलं, हे आपल्यासाठीच. मग रामधननी शेवटची प्रार्थना केली, जगाच्या मोहापासून आम्हाला राख म्हणून, आणि तिला वाटलं, हेही आपल्यासाठीच. दोघांच्या हातात एकच पुस्तक होतं. घरी येताना तिनं देवाला विचारलं. देवानं काही सांगितलं असेल तर तिला ते ऐकू आलं नाही.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ती जीपमध्ये बसली. ठरवलं होतं असं नाही. जीवननं जीप दारात आणून उभी केली आणि ती बसली.

प्रचाराचा नारळ तांड्याच्या देवळासमोर फुटायचा होता. पॅनलचे सगळे उमेदवार एका ओळीत उभे होते. बाबूसिंगांनी नारळ तिच्यापुढे धरला.

"तुम्ही फोडा, काका. मी बाजूले उभी राह्यतो."

बाबूसिंगांनी आग्रह केला नाही. नारळ फुटला, लोकांनी हात जोडले आणि उज्ज्वलाचेही हात जोडले गेले. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर पोचला होता. फोटोत ती डोळे मिटून देवळाकडे तोंड करून उभी होती.

रविवारी प्रार्थनेआधीच भागीरथा उठला. मंडळीतला जुना माणूस, जमनीबाईला कबरीत उतरवायला यवतमाळपर्यंत आलेला. "पास्टर, हे चालते काय आपल्यात?" मोबाईलमधला तो फोटो दाखवत त्यानं विचारलं.

रामधननी तिला पुढं बोलावलं नाही. सगळे गेल्यावर दाराशी हळूच विचारलं, "हात जोडले होते?"

"हो."

"कोणापुढं?"

उज्ज्वलानं खरं आठवून पाहिलं. "मले नाही समजलं, पास्टर. सगळ्यायनं जोडले, माहेही जोडल्या गेले. मी प्रभूचंच नाव घेत होती वाटते. पन नक्की नाही सांगता येत."

मंडळीत गाणं आजवर उज्ज्वला सांगायची, मागून सगळे म्हणायचे. "काही दिवस गाणं हंसाबाई सांगंल," रामधन म्हणाले.

ती निवडून आली. गुलाल तिनं लावू दिला नाही, तरी कोणाचा तरी उडालेला केसांत बसलाच. भागीरथाचं घर आणि त्याच्या भावाचं घर प्रार्थनेला यायचं बंद झालं. रस्त्यात भेटला की भागीरथा जीवनशी बोलायचा, तिच्याशी नाही. रामधन पहिल्यासारखेच बोलायचे, तब्येत विचारायचे, पण निवडणुकीचं नाव काढायचे नाहीत. कधीतरी त्यांनी तिला रागवावं, असं तिला वाटायचं. रागावले असते तर तिला वाद घालता आला असता.

बाबूसिंगांनी शब्द पाळला. पाळायला वेळ लावला, दोन बैठकांत विषय पुढं ढकलला, पण उज्ज्वला प्रत्येक बैठकीत तेवढंच विचारत राहिली आणि शेवटी ठराव झाला. गायरानाच्या कडेला, पळसांच्या पलीकडे, मोजणी होऊन चार खांब रोवले गेले. ती रामधनना सांगायला गेली.

"चांगलं झालं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मले मात्र यवतमाळले न्या. मताच्या बदल्यात भेटलेली जागा मले नको."

ती रडत घरी आली. जीवनला वाटलं कोणी काही बोललं.

पाऊस उघडल्यावर, सोयाबीन कापणीच्या दिवसांत रामधन गेले. सकाळी तोंड धुताना ओसरीवरच खाली बसले, ते उठले नाहीत. उज्ज्वला पोचली तेव्हा जीवन जीप वळवून उभी करत होता. त्यानं मागच्या सीटवरचे पॅसेंजरचे डबे काढून ठेवले होते. पास्टरांचं म्हणणं मंडळीत सगळ्यांना माहीत होतं.

"जीवन, जीप लाव तिकडं बाजूले," हंसाबाई आतून म्हणाल्या. "इथंच माती देऊ."

 उज्ज्वला त्यांच्याजवळ जाऊन बसली. "काकू, त्यायनं मले सांगतलं होतं. ते नाही म्हणत होते."

"मालूम हाये. मलेही सांगतलं होतं."

"मंग?"

"मंग काय. तो असता तं नाहीच म्हणला असता." हंसाबाईंनी नवऱ्याच्या छातीवरची चादर सरळ केली. "यवतमाळले नेलं तं मी कधी जाईन त्याच्यापाशी? माहे पाय चालतात काय तेवढे? मले रोज जाता आलं पायजे."

उज्ज्वलाला हो म्हणावं की नाही, कळलं नाही. ती ग्रामपंचायतीची सदस्य होती, जागा तिनंच मिळवली होती आणि त्या जागेत पहिला जाणारा माणूस तिथं जायला तयार नव्हता. अशा वेळी काय करायचं, हे ती आजवर ज्याला विचारत आली, तोच समोर निजला होता.

दुपारी माती दिली. भागीरथा आला. खड्डा खणायला त्यानंच पहिली कुदळ मारली, पण उज्ज्वलाकडे त्यानं पाहिलं नाही. तांड्यातल्या बायका पळसांपर्यंत आल्या आणि डोक्यावरून पदर घेऊन तिथंच उभ्या राहिल्या. बाबूसिंग मात्र खांबांच्या आत आले. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली तशी त्यांनीही टाकली आणि मागं सरकून उभे राहिले.

माणसं हात धुवायला बांधाकडे आली. उज्ज्वलानं घरून कळशी आणली होती. ती वाकून एकेकाच्या हातावर पाणी घालू लागली. भागीरथानं हात पुढं केले. तिनं पाणी घातलं. तो ओले हात धोतराला पुसत गेला. सगळ्यांत शेवटी बाबूसिंग आले. कळशीत तळाशीच पाणी उरलं होतं. त्यांनी मातीनं भरलेली ओंजळ तिच्यापुढे धरली. उज्ज्वला क्षणभर थांबली, मग तिनं कळशी आणखी तिरपी केली आणि माती निघेपर्यंत बारीक धार धरून ठेवली.