मी दारात आडवा पडलो तेव्हा

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. पण 'जुना' शब्द ऐकून लगेच डोळ्यांत पाणी आणू नका. माझे चारही पाय जमिनीवर घट्ट आहेत आणि अंगाला अजून कीड लागलेली नाही. मी इथे रडगाणं गायला आलेलो नाही. माझं एक भांडण आहे, ते तुमच्या कानावर घालतो.

बुटांच्या एका दुकानात माझा जन्म गेला. आज ज्यांना सगळा रस्ता 'बूटवाल्या काकू' म्हणतो, त्यांच्या वडिलांनी मला सुताराकडून बनवून घेतलं. सुतार म्हणाला, "बाकच पाहिजे ना? दोन फळ्या ठोकल्या की झालं." वडील म्हणाले, "बसायला तर पायरीही चालते. मला गिऱ्हाइकाचा पाय बघायचाय." मग सुताराने डोकं खाजवलं आणि माझ्या पोटात एक फळी बसवली. ती बाहेर ओढली की उतरती होते. गिऱ्हाईक माझ्यावर बसतं, पाय त्या फळीवर ठेवतं आणि फळीवर कोरलेल्या रेघा त्याचं माप सांगतात. मित्रांनो, नुसता बसायला दिलेला बाक आणि मी यांत हा फरक आहे. मला काम आहे.

वडील गेले आणि दुकान काकूंकडे आलं. काकू माझ्यासमोर उकिडव्या बसतात आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबून विचारतात, "बोट कुठे टेकतंय? खरं सांगा." बहुतेक लोक खरं सांगत नाहीत. नाजूक पायाची हौस असलेल्या बायका एक नंबर कमी सांगतात. मुलगा आता मोठा झाला हे दाखवायला बाप दोन नंबर जास्त सांगतात. पण पाय काही खोटं बोलत नाही. एकदा एक भारदस्त वकील आले होते. नवे काळे बूट घालून ते आरशासमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "एकदम फिट्ट." काकू म्हणाल्या, "साहेब, मग श्वास का रोखलाय?" सगळं दुकान हसलं आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ते वकीलच. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बाक भारी आहे हो तुमचा." खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला चार अंगुळं उंच झाल्यासारखं वाटलं.

शाळा उघडायच्या सुमाराला तर माझ्यावर तीन-तीन मुलं दाटीवाटीने बसत. कुणाच्या मोज्याला भोक, कुणाचा पाय गुदगुल्यांनी मागे. गल्ल्यावर काका असत. काका म्हणजे काकूंचे यजमान. माणूस सरळ, पण नव्या गोष्टीला भुलणारा. काकूंनी नुसता नंबर म्हटला की काका बरोबर तोच खोका काढत आणि न सांगता त्याच्या वरच्या नंबराचाही आणून ठेवत. दोघांची जोडी डाव्या-उजव्या बुटासारखी होती. एकमेकांच्या उलट, पण चालायची बरोबर.

मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि फोनमध्ये दुकान.

आता नीट ऐका. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चपला घरपोच येत असतील, तर माझी काय हरकत? दूर आडबाजूला राहणाऱ्याला चार रंग बघायला मिळत असतील, तर बघू दे की! माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. माझं भांडण आहे ते माझ्यावर बसून, काकूंना सात खोके उघडायला लावून, बुटाच्या आतल्या बाजूला छापलेल्या नंबराचा गुपचूप फोटो काढून 'बघून कळवते हं' म्हणत उठणाऱ्यांशी. पण हे लोक कधीच कळवत नाहीत. चार दिवसांनी त्याच रस्त्याने, आमच्याच दारावरून, तेच बूट घालून जातात. आणि जाताना मान बरोबर दुसऱ्या बाजूला वळवतात!

होता होता दुकान ओस पडलं. माझ्या उतरत्या फळीच्या खाचेत धूळ साचली. माझ्यावर गिऱ्हाइकांऐवजी रिकामे खोके बसू लागले. तेही सोसलं असतं. पण एके दिवशी दारात पार्सलवाला उभा राहिला आणि त्याने खणखणीत आवाजात विचारलं, "दोन चपला मागवल्यात, त्या कुणाच्या?"

काकू म्हणाल्या, "भाऊ, पत्ता चुकलाय. हे चपलांचंच दुकान आहे."

"नाही हो काकू. हाच पत्ता. नाव काकांचंच आहे."

दुकानात त्या वेळी एक आजोबा चप्पल बघत बसले होते. त्यांनी हातातली चप्पल हळूच खाली ठेवली. काकांनी समोरच्या भिंतीकडे असं टक लावून पाहिलं, जणू तिच्यावर काही लिहिलंय.

"अहो," काकू म्हणाल्या, "चारही भिंती चपलांनी भरल्यात. त्यांतली एकही तुमच्या पायाला लागली नाही?"

"तसं नाही गं. फोनवर चित्र चांगलं होतं. म्हटलं, बघू तरी."

"हलवायाने शेजाऱ्याकडून पेढा उसना आणला तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठे कळणारे?"

तेवढ्यात आजोबा उठले. "बघून कळवतो," म्हणाले आणि निघाले. आता सांगा, कळलं की नाही लोकांना?

त्या चपला काकांच्या पायाला आखूड निघाल्या. टाच मागे लोंबत होती. पण काका हट्टाला पेटले. "मऊ आहेत," म्हणत त्याच घालून मिरवू लागले. काकू त्यांच्याशी बोलेनात. खोका पाहिजे असला तरी मलाच सांगायच्या. "बाका, तिकडच्यांना म्हणावं, काळा खोका काढा." पंचाईत माझी!

काकांच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. पार्सलच्या कंपनीला आमच्या रस्त्यावर एक जागा हवी होती. खोके उतरवायला, ठेवायला, वाटायला. कंपनीचा माणूस येऊन टेपने भिंती मोजून गेला. काकूंना काकांनी सांगितलं, "अगं, दगदग तरी वाचेल. तुझे गुडघे बघ. आपण घरी आरामात बसू."

काकू म्हणाल्या, "दुकान माझ्या वडिलांचं, गुडघे माझे. दोन्हींचं काय करायचं ते मी ठरवीन."

काकांना वाटलं, ही नाही म्हणतेय, पण एकदा झालं की गप्प बसेल. कित्येक पुरुषांना असंच वाटतं. काकू नवा माल निवडायला बूट बनवणाऱ्यांकडे गेल्या, तोच दिवस काकांनी साधला. कंपनीचा माणूस तीन मजुरांना आणि लोखंडी मांडण्यांना घेऊन आला. आधी खोके मागच्या खोलीत गेले. मग तो माणूस मला बघून म्हणाला, "आणि हे धूड?"

काकांनी मान फिरवली आणि गल्ला पुसायला घेतला. मित्रांनो, ते 'हो' म्हणाले असते तर मला इतकं लागलं नसतं.

मजुरांनी मला उचलून कचऱ्याच्या डब्याशेजारी फुटपाथवर टेकवलं. एक कुत्रं सावली बघून माझ्याखाली येऊन निजलं. त्याला धन्यवाद, माझी किंमत त्याला तरी कळली! पण मी मुळीच रडलो नाही. मी संतापलो होतो. वाटत होतं, आत्ता मला हात असते तर!

हात नव्हते, पण काकू आल्या. हातातली पिशवी त्यांनी फुटपाथवरच टाकली. मला बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं. कुत्र्याला म्हणाल्या, "ऊठ बाबा." मग माझं एक टोक धरून त्यांनी मला खरडत, ओढत दुकानाच्या दारापर्यंत नेलं आणि बरोबर उंबऱ्यावर आडवं टाकलं. आणि ऐटीत माझ्यावर बसल्या. दार अडलं. मजूर आणि मांडण्या बाहेर, काका आणि कंपनीचा माणूस आत!

"बाई, उठा," आतून कंपनीचा माणूस म्हणाला. "आमचा सगळा दिवस खोळंबलाय."

"माझ्या दारात, माझ्या बाकावर बसलेय. तुमचं काय अडलंय?"

"आम्हाला बाहेर तरी जाऊ द्या."

"बाहेर जायचं असेल तर वरून टांग टाकून जा. आत काही आणायचं असेल तर मला उचलून बाजूला ठेवा. बघा, कोण उचलतंय."

मजुरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतल्या थोराड मजुराने विडी पेटवली आणि मांडणीला टेकून आरामात उभा राहिला. त्याने बाजू निवडली होती.

"अगं, रस्ता बघतोय," काका पुटपुटले.

"बघू दे. रस्त्याला कधीपासून तेच तर सांगायचं होतं!"

अशात गर्दीतून एक आई पुढे आली. तिच्या काखेत खोका, हाताला मुलगी, मुलीच्या दोन्ही गुडघ्यांवर खरचटलेलं. दुसऱ्या दिवशी शाळेत धावण्याची शर्यत होती. फोनवरून मागवलेले बूट आधी घट्ट आले, ते परत पाठवले, मग आले ते ढगळ. पुढे कापूस कोंबून मुलगी सरावाला धावली आणि तोंडावर आपटली.

आई चाचरत म्हणाली, "काकू, माप तुम्हीच दिलं होतं, पण ते... "

मुलगीच बोलली. "आई म्हणाली, तुमच्याकडे यायची तिला लाज वाटते. आम्ही इथे बघून फोनवर घेतले ना!"

काकूंनी आईकडे एकदाच पाहिलं. "लाज आईला वाटू दे. तिचं ते काम आहे. तू बस."

त्या उठल्या आणि रस्त्यावरच माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. मुलगी माझ्यावर बसली. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटातली फळी बाहेर आली. कुरकुरली, धूळ उडाली, पण आली! काकूंनी पाय ठेवून घेतला, रेघ पाहिली आणि मान वर न करता हाक मारली, "अहो, निळे, दोन नंबर."

सगळे काकांकडे बघू लागले. काका वळले. मग मागच्या खोलीत गेले, खोक्यांचा ढीग खालीवर केला आणि आले तेव्हा त्यांच्या हातात दोन खोके होते. दोन नंबर आणि त्याच्या वरचा तीन नंबर.

काकूंनी अंगठा दाबला. "बोट कुठे टेकतंय? खरं सांग."

"टेकतंय थोडं."

काकूंनी काही म्हणायच्या आत काकांनी वरचा खोका उघडून बूट पुढे केला. नाडीही त्यांनीच बांधली, माझ्यावरून वाकून. मुलगी रस्त्याच्या टोकापर्यंत धावत गेली आणि धावत परत आली. "लागत नाहीयेत! कुठेच लागत नाहीयेत!"

कंपनीच्या माणसाने घसा खाकरला. "काका, मग आपलं काय ठरलं?"

काका म्हणाले, "बघून कळवतो."

थोराड मजूर इतका हसला की त्याला ठसका लागला. कंपनीचा माणूस खरोखरच माझ्यावरून टांग टाकून गेला आणि मांडण्या आल्या तशा परत गेल्या. मुलगी शर्यतीत कितवी आली ते मला माहीत नाही. पडली नाही, एवढं कळलं.

मित्रांनो, यानंतर दुकानासमोर रांगा लागल्या असं मी सांगणार नाही. अजूनही काही दिवस असे जातात की माझ्यावर फक्त ऊन बसतं. पण काकू कुणाला माप नाकारत नाहीत. एवढंच तोंडावर सांगतात, "माप फुकट आहे. मेहनत माझी आणि बूट दुसऱ्याचा, असं करायचं असेल तर खुशाल करा, पण माझ्या डोळ्याला डोळा भिडवून करा." ते काही सगळ्यांना जमत नाही. बरेच जण तिथेच बूट घेतात. काका-काकू पुन्हा बोलू लागलेत. काका अजून त्याच आखूड चपला घालतात, का ते त्यांनाच ठाऊक.

परवा एक हौशी गृहस्थ आले. जुन्या वस्तू गोळा करून ते फोनवर विकतात म्हणे. माझ्याभोवती फिरले, फळी ओढून पाहिली, फोटो काढला. "काकू, हा द्या मला. एखाद्या मोठ्या घरात दिवाणखान्यात ठेवतील. वर कुंडी काय शोभेल!"

काकू म्हणाल्या, "शोभेला ठेवायला तो मेलेला नाही. तुम्हाला बसायचं असेल तर बसा."

तर मित्रांनो, मला जपा, पुसा, माझी कीव करा, असं मी म्हणणार नाही. फोनही फेकू नका. पण ज्याच्या दुकानात बसाल त्याचे कष्ट चोरू नका. तुमच्या रस्त्यावर असं एखादं दुकान अजून उघडं असेल, तर आत जा, बसा आणि पाय पुढे करा. आम्ही उंबऱ्याच्या आत आहोत. पुन्हा कुणी बाहेर काढायला आलं, तर आडवं पडायला मला अजून चांगलं जमतं.