आपली नोंद झाली आहे

दादाला मूत्रपिंड हवं होतं. माझं जुळलं नाही, वहिनीचंही नाही, म्हणून त्याचं नाव प्रतीक्षा यादीत घातलं. त्या यादीची वेबसाइट आमच्याच कंपनीची आणि नोंदणीचा कोड माझा. वहिनी गल्लीभर सांगत फिरायची, "आमच्या घरचंच माणूस आहे तिथे!" कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे तिला बिचारीला काय ठाऊक.

नऊ महिने बोलावणं आलं नाही, तेव्हा ती रुग्णालयात नंबर विचारायला गेली. खिडकीवरच्या बाईंनी तीनदा शोधलं. दादाचं नावच यादीत नव्हतं.

"तू बघ गं जरा," तिने फोनवर सांगितलं.

बघितलं. डबा तसाच राहिला आणि दहा मिनिटांत चूक सापडली. माझीच.

लोकांनी भरलेला अर्ज आमच्या सर्व्हरकडे येतो, सर्व्हर तो डेटाबेसकडे लिहायला देतो. लिहून झाल्याचा निरोप येईपर्यंत सर्व्हरने थांबावं म्हणून जावास्क्रिप्ट या कोडच्या भाषेत 'अवेट', म्हणजे 'थांब', असा एक शब्द घालतात. मी घातलाही होता. पण साहेब कुरकुरले, "लोकांना किती ताटकळत ठेवायचं?" मी तो शब्द काढून टाकला. सर्व्हर निरोपाची वाट न बघता लगेच "आपली नोंद झाली आहे" म्हणायला लागला. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली आणि मी मूर्खासारखी फुलून गेले.

बहुतेकांची नोंद व्हायचीही. डेटाबेस तुंबला की नाही व्हायची. मग लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, "लिहिता आलं नाही" एवढीच ओळ पडायची. कोणाचं नाव, ते नाही. तेवढं लिहायचाही मी कंटाळा केला होता. अशा एक्केचाळीस ओळी सापडल्या. तारखेवरून त्यातली एक दादाची असणार. बाकीचे चाळीस जण कोण, देव जाणे. तेही फोन उशाशी घेऊन झोपत असतील.

साहेबांना दाखवलं.

"जुनी तारीख घालू या ना," मी म्हणाले.

"कोणत्या पुराव्यावर? ओळीत नाव नाही. स्क्रीनवर दिसलं होतं, असं कोणीही सांगेल."

खरंच होतं. नोंद आजच्या तारखेने होणार. यादीत नंबर लागायला दोन वर्षं लागतात आणि डॉक्टरांनी दादाला जेमतेम दीड वर्ष सांगितलंय.

संध्याकाळी घरी गेले. वहिनी वर कपडे वाळत घालत होती. दादाने हसून विचारलं, "काय इंजिनिअरबाई, कितवा नंबर लागला?" मी रडत रडत सगळं सांगून टाकलं, तो काढलेला शब्दसुद्धा.

त्याने एकदा जिन्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "चूक तुझी होती, हे तुझ्या वहिनीला कधीच सांगू नकोस. मी गेल्यावर तुम्हा दोघींनाच एकमेकींना धरून राहायचंय."