ऐश्वर्याचं केकाटणारं पेडल

भिवाजीच्या गायन पार्टीत गिटार आली ती त्याच्या पोरीच्या हट्टानं. ऐश्वर्या हिंगोलीला कॉलेजात असताना गिटार शिकली आणि मागच्या दिवाळीला एक ओव्हरड्राइव्ह पेडल मागवून बसली. पायाखाली ठेवायची ही एवढीशी लोखंडी डबी. दाबली की गिटारचा साधा आवाज भरडा, दणकट होऊन निघतो. पार्टीतल्या कुणालाच त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण पोरगी शिकलेली आहे म्हणून सगळे माना डोलवायचे.

घरी ते झकास वाजायचं. हट्टा गावच्या कार्यक्रमात मात्र घात झाला. तिनं पेडल दाबलं आणि चारही भोंग्यांतून असा कर्कश आवाज निघाला की पुढच्या बायांनी पदर कानांवर घेतले आणि एका लेकरानं भोकाड पसरलं. तीस वर्षं गाणारा भिवाजी भर कडव्यात शब्द विसरला.

परतताना जीपमध्ये तो रागावला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. आठ दिवसांनी साखऱ्याला नव्या विहाराचं उद्घाटन आहे, तिथं एकदा बघू, म्हणाला. पुन्हा असंच झालं तर गिटार घरी ठेवायची आणि ऐश्वर्यानं आईसोबत कोरसला बसायचं. कोरसमध्ये बसायची तिला लाज नव्हती. पण बापाच्या गाण्यात आपल्या हातचं काही नकोसं व्हावं, हे तिच्या फार जिव्हारी लागलं.

मग ती हात धुऊन त्या डबीच्या मागे लागली. डबीवर टोनचं एक बटन होतं. ते कमी केलं की घरी आवाज गोधडीत कोंडल्यासारखा यायचा आणि वाढवलं की मोकळा व्हायचा. म्हणून रोज खटपट करून शेवटी बाईसाहेब बटन वरच ठेवायच्या. घरी ती वाजवायची पार्टीच्या जुन्या स्पीकरच्या खोक्यात. त्यातला बारीक, टोकदार आवाजाचा छोटा स्पीकर उंदरांनी केव्हाच कुरतडला होता, नुसता मोठा घुमणारा उरला होता. उंची बराबर बसते म्हणून कार्यक्रमात त्या खोक्यावर हार्मोनियम ठेवायचे, एवढाच त्याचा मान. त्या बिचाऱ्या खोक्यावर विश्वासून पोरीनं आपला आवाज बेतला होता, आणि आपण चुकतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

साखऱ्याला दुपारी तीनला भोंगे बांधून झाले. साउंडवाला धर्मसिंग जुना माणूस, आपल्या भोंग्यातला शब्द पार शेतातल्या आखाड्यावर, खोपटातल्या माणसालाही कळला पाहिजे अशी त्याची जिद्द. त्यासाठी तो भोंग्यांच्या मशीनचं बारीक, टोकदार आवाज वाढवायचं बटन कायम शेवटापर्यंत पिळून ठेवायचा. ऐश्वर्यानं गिटारची वायर मशीनला जोडली, पेडल दाबलं, आणि पुन्हा तीच किंकाळी. मंडपात चटया अंथरणारे थबकले. भिवाजी तोंड फिरवून पाणी प्यायला गेला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. धर्मसिंगकाकांना तिनं बटन कमी करायची विनवणी केली. तो म्हणाला, तसं केलं तर तुझ्या बापाचा शब्दच कुणाला कळणार नाही. त्याचंही खरंच होतं. ऐश्वर्या खाली बसली आणि गिटार पिशवीत घालायला लागली.

कमलबाई इतका वेळ नुसती बघत होती. ती लेकीजवळ आली.

"घरी तर हे असं केकाटत न्हाई. मग घरच्याच खोक्यात लाव की."

"अगं आई, त्या खोक्याचा आवाज मंडपाबाहेर तरी जाईल का?"

"मी गाते तवा माझा तरी कुठं जाते? माइक लावतेतच ना तोंडापुढं? त्याच्या बी लावा."

ऐश्वर्या तशीच उठली. हार्मोनियम उतरवून चार विटांवर ठेवली, खोकं मागे सरकवून त्यात गिटार जोडली आणि धर्मसिंगकडून एक माइक मागून खोक्यापुढे उभा केला. हाताशी वेळ होता तेवढ्यात, धर्मसिंगचं मशीन आवाज टोकदार करतंच म्हणून, टोनचं बटनही निम्म्यावर आणलं. पण पेडल दाबून बघायच्या आत भंतेजींची गाडी आली आणि तपासणी तिथंच राहिली.

पहिलं कडवं तिनं पेडलला पाय न लावताच काढलं. दुसऱ्या कडव्यानंतर भिवाजी थांबला. दर वेळी तिथं तो लगेच पुढची ओळ धरायचा, आज धरली नाही. मागे न बघता त्यानं ढोलकीच्या एका फेऱ्यापुरती जागा मोकळी सोडली. ऐश्वर्यानं डोळे मिटले आणि पेडल दाबलं.

आवाज आला तो गोल, भरडा, घरच्यासारखा. कुणीही पदर कानावर घेतला नाही. उलट एक म्हातारी मान हलवत ताल धरायला लागली. ऐश्वर्याचा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं वाटलं की पुढच्या दोन ओळी ती वाजवायचीच विसरली.

कार्यक्रम उजेडातच आटोपला. वायरी गुंडाळत असताना भिवाजीचा फोन वाजला. सेनगावकडच्या कुणाची तरी पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाची सुपारी होती, आणि जेवायला माणसं किती ते विचारत होते.

"सात," भिवाजी म्हणाला. "व्हय, मागं सहाच व्हतो. आता गिटारवाली बी हाय आमच्यात."