लाइनवर चढलेला व्यायाम

टिटवी हे तिचं खरं नाव नव्हतं. पण खऱ्या नावाने हाक मारली, तर ती स्वतःच दुसरं कुणी असेल म्हणून इकडेतिकडे बघायची. वय पंधरा, अंगात चार माणसांचा उत्साह आणि तोंड सकाळी उघडलं की रात्री मिटणार. त्यामुळे खेळाच्या बाईंनी शाळेत जेव्हा जाहीर केलं, की दिवसभर बसून काम करणारी मोठी माणसं शोधा आणि त्यांना रोज थोडा वेळ हलवून दाखवा, तेव्हा बाकीचे गट विचार करत बसले. टिटवीने हात वर करून सांगून टाकलं, "आम्ही शिवणकारखाना घेतला."

आम्ही म्हणजे ती आणि वर्गातला लांबू. लांबूला हे तेव्हाच कळलं.

कारखान्यात शाळेचे गणवेश शिवले जात आणि तिथे टिटवीची आई कामाला होती. खरं तर सगळा खटाटोप आईसाठीच होता. गेले काही महिने आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. सकाळी तिची वेणी टिटवी घालून द्यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात हलता ठेवा, नाही तर असाच धरून बसेल. आई "बघू" म्हणाली होती, आणि आईचं "बघू" म्हणजे विषय संपला. घरात टिटवीने समजावलं, रुसून पाहिलं, रडूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"कारखान्यात कुणाला माहीत नाही," आईने तिला बजावलं होतं. "हात अधू झालाय असं कळलं, तर टेबलावरून उठवतील मला. तू तिथे येऊन पचकू नकोस."

टिटवीने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी मुकादमबाईंपुढे जाऊन उभी राहिली. हाताचं मात्र अवाक्षर काढलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

मुकादमबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. त्यांनी टिटवीचं सगळं भाषण ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "उद्या चहाच्या सुट्टीत. एकदाच. बाया आपणहून उठल्या तर रोज करा. नाही उठल्या तर पुन्हा या दारात दिसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी लांबूने घरचा स्पीकर उचलून आणला. चहाची घंटा झाली, मशिनांची घरघर थांबली आणि लांबूने गाणं लावलं. टिटवी दोन रांगांच्या मधल्या वाटेत उभी राहून ओरडली, "चला, सगळ्यांनी उठा. हात वर, हात खाली."

कुणी ढिम्म हललं नाही. बायकांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं, जसं लग्नात नाचणाऱ्या लहान पोरीकडे बघतात, आणि चहा फुंकत राहिल्या. बाह्या जोडणारी काकू म्हणाली, "छान करते हो तुमची लेक." आई शेवटच्या टेबलामागे मान खाली घालून धागे कापत बसली होती. तिचे कान लाल झालेले टिटवीला दुरूनही दिसले.

मुकादमबाई दारात उभ्या होत्या. लांबू कानाशी कुजबुजला, "आवाज वाढवू का?"

"बंद कर आधी ते," टिटवी म्हणाली.

गाणं थांबलं आणि तिला एक गंमत दिसली. कॉलर लावणारी मावशी चहाचा घोट घेत होती आणि तरीही तिचा दुसरा हात पुरा झालेला शर्ट शेजारच्या टेबलावर सरकवत होता. काकूने न बघता तो ओढून घेतला. सुट्टी असो नाही तर काही, या खोलीत एकच गोष्ट वर्षानुवर्षं अंगात भिनली होती: आपल्या पुढची बाई रिकामी बसता कामा नये. कापणीच्या मास्तरांनी कापड कापलं, की मावशीने कॉलर लावायची, काकूने बाह्या जोडायच्या, काजंबटणं करणाऱ्या वहिनींकडे द्यायचं आणि शेवटी तपासणीला आईकडे, अशी लाइन. सगळ्यांनी एकदम काही करायचं, हे इथे कुणाला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांना एकदम उठा म्हणणारी टिटवी त्यांना वेडीच वाटली असणार. इथे काम यायचं ते शेजारणीकडून.

तिच्या अंगात वीज खेळली. ती धावत सुटली ती थेट कापणीच्या टेबलाशी. कापणीचे मास्तर पोट सुटलेले, पण दिलदार गृहस्थ.

"मास्तर, नवा नग आलाय. फक्त एवढं करायचं आणि मावशीला द्यायचं." तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन हवेत मोठी कात्री चालवून दाखवली.

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. मग उभे राहून दोन्ही हात वर ताणून कात्री चालवली आणि सवयीने मान वळवून मावशीकडे पाहिलं, पुढे दिल्यासारखं.

मावशीसमोर काम येऊन पडलं होतं. ती बसून कशी राहणार? कप ठेवून ती उठली.

"मास्तरांचं करायचं आणि त्यात तुमचं घालायचं," टिटवी तिच्या शेजारी पोचली होती. मावशीने कात्री चालवली, मग कॉलर फिरवावी तशी मान गोल फिरवली. "अगं बाई, कटकट वाजतंय आत," ती म्हणाली आणि काकूकडे वळली, "घे गं."

काकूने कात्री चालवली, मान फिरवली आणि दोन्ही हात बाह्यांसारखे जोराने बाजूला फेकले. शेजारची बटणांची बरणी वाचली, हे नशीब. आता खोलीत हशा उसळला. वहिनी आपली पाळी येण्याआधीच उभ्या होत्या. त्यांनी सगळं करून वर गुडघे वाकवून उठाबशा काढल्या, बटणं टाचल्यासारख्या ठक ठक. मास्तर तिकडून ओरडले, "इकडे दुसरा नग तयार आहे, काढू का पुढे?"

"काढा," मावशीच म्हणाली.

लाइन सुरू झाली होती. टिटवीला नाचावंसं वाटत होतं आणि ती नाचतही होती. तेवढ्यात वहिनींनी हात झटकले आणि म्हणाल्या, "घ्या तपासणी."

सगळ्या माना आईकडे वळल्या, आणि टिटवीच्या तोंडचं पाणी पळालं. उत्साहाच्या भरात लाइनच्या टोकाला कोण बसलंय हे ती विसरूनच गेली होती. सगळ्यांचं सगळं शेवटी आईला करायचं होतं, आणि पहिलंच काम हात वर ताणायचं.

आईने कात्री खाली ठेवली. टिटवीकडे पाहिलं. तिच्यासमोर आलेला नग तिने आजवर न बघता परत पाठवला नव्हता. ती उठली. डावा हात वर गेला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. आईने ओठ आवळले, पुन्हा रेटला, पण हात तसाच राहिला.

"जात नाही वर," आई म्हणाली. आवाज साधा होता, शिलाई तिरकी आलीय असं सांगावं तसा. "केव्हापासून जात नाही. सांगितलं नव्हतं कुणाला."

टिटवीला रडू फुटणार होतं. दारातून मुकादमबाई चालत आल्या. आईसमोर थांबल्या आणि आपला डावा हात वर करू लागल्या. तो खांद्याच्याही खालीच अडला.

"मला वाटलं माझाच धरलाय," मुकादमबाई म्हणाल्या.

मग काय विचारता. मावशीची मान, काकूची कंबर, वहिनींचे गुडघे, मास्तरांना तर वाकून बूट बांधता येत नव्हते आणि ते घरून बायकोकडून बांधून घेऊन येत होते. जो तो आपलं दुखणं दाखवायला पुढे. इतकी वर्षं खेटून बसलेल्या माणसांना एकमेकांचं काही माहीत नव्हतं. हसता हसता काकूचे डोळे भरून आले. कामाची घंटा वाजली ती कुणी मनावर घेतली नाही, मुकादमबाईंनीसुद्धा नाही. त्या टिटवीला एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून चहाच्या आधी येत जा. चहा प्यायल्यावर उठवत नाही."

टिटवीला आभाळ ठेंगणं झालं. ती लांबूला गाठायला वळली, तर आईने हाक मारली.

"कुठे निघालीस? इकडे ये. इथे, माझ्या पुढे उभी राहा."

"मी? तुझ्यापुढे तर कुणीच नसतं."

"तेच तर. सगळ्यांचं मी तपासते, माझं आजपर्यंत कुणी तपासलं नाही. आता तू तपास. आणि भीड नको धरूस, चुकलं तर परत पाठव."

आईने पुन्हा हात उचलला. खांद्याशी येऊन तो थांबला.

"अजून वर," टिटवी म्हणाली.

आणि आईने दात आवळून, तिच्याकडे बघत, तो अजून बोटभर वर नेला.