कुंकू लावलेली बंदूक

मी बंदूक बोलतेय. घाबरू नका, पोटात गोळी नाही. 'बोलतेय' म्हणाले हं, 'बोलतोय' नाही. आमच्या धन्याच्या लेकीला, मालविकाला, अजून ते जमत नाही, मला "तो बंदूक" म्हणते.

शिकलेली मी नाही. अंगावर एक नंबर कोरलाय, तेवढंच माझं अक्षर.

जन्म फिनलंडचा. तिकडं जंगल संपलं की तळं, तळं संपलं की पुन्हा जंगल, आणि माणूस मधे कुठंतरी चुकून. एइनो नावाचा म्हातारा माझा पहिला मालक. तिकडं बऱ्याच घरात बंदूक, पण मिरवत कुणी नाही. परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, कपाटाला कुलूप घालायचं. पानं पिवळी झाली की गावातले दहाजण घोड्याएवढ्या हरणामागे जायचे. तासन्तास गप्प बसायचे आणि मटण सारखं वाटून घ्यायचे. गारठ्यात मी मुद्दाम एइनोच्या बोटाला चिकटायची. तो शिवी हासडायचा. मला फिनिश येतं ते तेवढंच.

शेजारी काशीनाथ राहायचा. साताऱ्याचा, कागदाच्या कारखान्यात इंजिनियर. एइनोनं त्याला नेम शिकवला. मग एका सकाळी एइनोला झाडाच्या खोडात हरीण दिसलं. त्यानं गोळी झाडली नाही. मला खाली ठेवून म्हणाला, "माझं झालं." काशीनाथला म्हणाला, "परवाना काढ, ही तुझी."

काशीनाथ बायको-पोरीला घेऊन एडिनबराजवळ आला, त्याच्यामागे कागदपत्रं करून मीही आले. इथल्या डोंगरात हरणं मारली, वर्षं गेली, त्याची बायको गेली. आता तो चौऱ्याहत्तरचा. गेल्या हिवाळ्यात हरणाच्या छातीवरचा नेम पायाला लागला. ते लंगडत पळालं, दोन तासांनी सापडलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलं असतं, पण मला विचारतंय कोण?

दर खंडेनवमीला तो मला बाहेर काढून हळदकुंकू लावतो. झेंडू मिळत नाही, सुपरमार्केटातली पिवळी शेवंती चालते. यंदा बोट थरथरलं, आणि टिकलीची पार रेघ झाली.

मालविकानं पाहिलं. "बाबा, हात बघा."

"कुंकू जुनं झालंय. घसरतं."

"कुंकू नाही घसरत. उद्या पोलीस ऑफिसर बंदुकीचं सर्टिफिकेट रिन्यू करायला येणार. काय सांगणार?"

"सांगेन, बंदूक ठीक आहे."

"तो बंदूक ठीकच आहे. तुम्ही?"

"ती. ती बंदूक," तो म्हणाला, आणि माझ्यावरचं शेवंतीचं फूल सरळ केलं. मग म्हणाला, "एइनोला कुणी विचारायची वेळ आली नव्हती."

दुसऱ्या दिवशी ऑफिसर आला. माझ्या लाकडावरचा लाल डाग बघून त्यानं विचारलं, "रक्त आहे का?"

"नो, नो," काशीनाथ म्हणाला. "शी इज मॅरिड."

ऑफिसरचं पेन थांबलं. मालविका तोंडाला ओढणी लावून हसत सुटली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. काशीनाथनं कपाटाची किल्ली आणून ऑफिसरसमोर ठेवली. ती कुठं असते हे लेकीलाही ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगणार नाही.

"माझा हात कापतो," तो म्हणाला. "घेऊन जा हिला."

आता मी पोलिसांच्या कोठीत आहे, गळ्यात चिठ्ठी अडकवलेली. वितळवणार म्हणतात. एकच मागणं, माझा तवा करा. जन्मभर माझा आवाज ऐकून सगळे पळाले. एकदा तरी चर्र वाजावं आणि माणसं ताट घेऊन जवळ यावीत.

रडू नका. धनी जिवंत असताना कुंकू लावून निघाले, आमच्यात याला भाग्य म्हणतात. कुंकू जरा वाकडं आहे, चालायचंच.