कोरी नळी

वहिनीला चक्कर यायची ती दुपारी, दुकानात इस्त्रीच्या टेबलाशी उभी असताना. डोकं धरून ती बाहेर पायरीवर येऊन बसे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही निघालं नाही.

"ऊन बाधतंय," दादा म्हणायचा. ड्रायक्लीनिंगचं दुकान त्याचंच.

"एकदा नळी लावून बघू दे ना," धाकटी बहीण मागे लागायची. ती हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. रंग, पेट्रोल, द्रावकं यांच्या हवेत उडून जाणाऱ्या वाफा बारीक नळीत धरून मोजायच्या, हे तिचं काम.

"चिमणे, तुझी नळी मोगऱ्यालाही आरोपी करेल. राहू दे!"

मग तिने शाळेच्या मैदानावरची हवा मोजली आणि प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाई कडाडल्या, "मैदानात ड्रायक्लीनिंगचं द्रावक? आणि कोऱ्या नळीतसुद्धा?"

कोरी नळी म्हणजे नुसती सोबत नेलेली. तिच्यात हवा ओढायची नसते. ती कोरीच परत यायला हवी. तिच्यातच वाफ शिरली तर सगळी मोजणी पाण्यात.

चिमणीचं तोंड एवढंसं झालं. मग तिला आठवला तो कोट! दादाने आदल्या संध्याकाळी धुऊन दिलेला, बंद गाडीत नळ्यांच्या डब्याशेजारी टांगलेला. एका कोटातून एवढी वाफ, तर वहिनी दिवसभर काय ओढत असेल?

ती तडक दुकानात गेली. "दादा, तुझ्या कोटाने माझं काम पार धुऊन काढलं."

"मग? धंदाच आहे माझा!"

वहिनी खळखळून हसली आणि हसता हसताच टेबल धरून खाली बसली. दादाचं हसू ओठावरच विरलं.

"लाव बाई तुझी नळी," तो हळूच म्हणाला.

चोर सापडला धुलाईयंत्राच्या दारात. दाराचं रबर कडक होऊन चिरलं होतं, तिथून वाफ झिरपत होती. श्वास देवाने फुकट दिला खरा, पण त्याची राखण आपल्यावर सोपवली. दादाने यंत्र बंद ठेवलं, रबर बदललं, भिंतीला वाफ बाहेर ओढणारा पंखा बसवला. पुन्हा नळ्या लागल्या. आकडा इतका खाली आला की मोठ्या बाईंनीही मान डोलावली.

वहिनीची दुपार आता पायरीवर जात नाही. ती इस्त्री फिरवता फिरवता गुणगुणते, आणि चुकलेल्या सुरावरून दादा तिला चिडवतो.

परवा चिमणी कोट न्यायला आली, तर तो मागच्या अंगणात दोरीवर झुलत होता.

"कालपासून वाऱ्यावर ठेवलाय," दादा म्हणाला. "तरी गाडीत नळ्यांपासून लांब ठेव हो."