तीन वळणांचं खोड

नवरा गेल्यावर चार महिन्यांनी ती त्याच्याच जागी कामाला लागली. शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शकांवरची धूळ पुसायची, कुंड्यांना पाणी घालायचं. मुलं तिला मावशी म्हणायची. काम अवघड नव्हतं. अवघड होतं ते एक दार.

प्रयोगशाळेच्या मागे सामानाची अंधारी खोली होती. खिडकी नाही, फक्त छताजवळ विटेएवढा एक झरोका. दाराची कडी बाहेरून होती आणि दार आपटलं की ती आपोआप पडायची. म्हणून नवरा आत जाताना उंबऱ्यात वीट ठेवायचा. सुट्टीतल्या एका सोमवारी ती वीट सरकली. दार उघडलं गेलं शनिवारी.

त्या सोमवारी सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून, तर छत्रीवरून. ती म्हणाली तुम्ही कुठेतरी विसरलात, तो म्हणाला तूच कुणाला तरी दिलीस. शब्दाला शब्द वाढला आणि "आता या घरात पाऊल टाकणार नाही" म्हणून तो फोन फळीवरच ठेवून तरातरा निघून गेला. तिला वाटलं, बहिणीकडे जाऊन बसला असेल रुसून. बसू दे. पोटात कावळे ओरडले की येईल आपोआप. अशी ती पाच दिवस त्याची वाट बघत राहिली.

दवाखान्यातून कागद आला तेव्हा तिला तो वाचता येईना. शाळेचा पहारेकरी नवऱ्याचा जुना दोस्त. त्याने वाचून सांगितलं, "वहिनी, हृदय बंद पडलं. सोमवारीच. एका झटक्यात. त्याला कळलंसुद्धा नसेल."

सगळे तेच म्हणाले. एका झटक्यात गेला, पुण्यवान माणूस. तिने मान हलवली. पण महिन्याभरात, दिवेलागणीच्या वेळी, घरातल्या लाकडी कपाटातून ठोके यायला लागले. मोजून तीन. टक, टक, टक. कपाटात त्याचे कपडे होते. ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि वाट बघायची, कधी थांबतंय. कुणाला सांगायची सोय नव्हती. एका झटक्यात गेलेला माणूस ठोकतो कशाला? एवढा एकच प्रश्न तिच्या उरावर बसला होता, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तिला ना घास गोड लागत होता ना झोप येत होती.

त्या दिवशी ती मागच्या बाकाशी काचा पुसत होती आणि मॅडम नववीच्या वर्गाला शिकवत होत्या.

"सजीव कशाला म्हणायचं? सांगा पटापट."

"हालचाल करतो!" "श्वास घेतो!" "अन्न घेतो, घाण बाहेर टाकतो!" "वाढतो, आपल्यासारखे दुसरे जन्माला घालतो!"

"आणि? एक राहिलं."

मॅडमनी टेबलावर तीनदा टकटक केली. सगळ्यांच्या माना वर झाल्या. मागे मावशीच्या हातातली काच निसटता निसटता राहिली.

"हे. हाक आली की ओ देतो. बाहेर काही घडलं की त्याला कळतं."

"मग मॅडम, आमचा मॉनिटर निर्जीव आहे," एक मुलगी म्हणाली. "तासभर हाक मारा, ओ देत नाही."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मग झाडांकडे वळल्या. उजेड, पाणी आणि हवा घेऊन पान स्वतःचं जेवण स्वतः शिजवतं, म्हणाल्या. चूल नाही, सरपण नाही, हिरवा रंग आणि ऊन एवढ्यावर.

"आणि उजेडच नसेल तर?"

"मरतं."

"लगेच नाही मरत. आधी शोधतं. बीमध्ये साठवलेली शिदोरी खाऊन लांबच लांब वाढतं, पांढरं पडतं. कुठूनही एक कवडसा आला की तिकडे वाकतं. कुंडी अर्धी फिरवलीत, तर उलटं वाकतं. पण आधीचा बाक जात नाही. मावशींचे मालक दरवर्षी हे करून द्यायचे. आतल्या खोलीत घेवड्याची कुंडी ठेवायचे आणि रोज भर दुपारी अर्धी फिरवायचे. किती वेळा फिरवली ते खोडावरून मोजता यायचं."

तास संपल्यावर मॅडम जवळ आल्या. "मावशी, परवा पानाचा प्रयोग आहे. त्याआधी कुंडी दोन दिवस अंधारात ठेवावी लागते, म्हणजे पानातला साठा संपतो. आतल्या खोलीत... तुम्हाला नको असेल तर मी ठेवते."

"माझं काम आहे," ती म्हणाली.

त्या शनिवारपासून खोलीला कुलूपच होतं. तिने ते काढलं, उंबऱ्यात एक सोडून दोन विटा ठेवल्या, वर स्टूल अडकवलं आणि आत पाय टाकला. ओल्या पुठ्ठ्याचा वास. कोपऱ्यात खिळ्याला टांगलेला शाळेचा सांगाडा. काचेच्या बरण्या. आणि खालच्या फळीवर मातीची एक छोटी कुंडी, शेजारी पाण्याचा पत्र्याचा डबा, उपडा घातलेला.

कुंडीत घेवड्याचं वाळलेलं रोप होतं. दोऱ्यासारखं बारीक, गवताच्या काडीच्या रंगाचं. तिने ते झरोक्याच्या उजेडात धरलं. अंगठ्याचं नख मातीपासून वर नेत गेली.

एक वळण. जरा वर, उलट्या बाजूला, दुसरं. त्याच्यावर तिसरं. मग मात्र खोड एकाच दिशेला लांबच लांब गेलं होतं आणि शेवटी कडेवरून खाली लोंबत होतं.

सोमवारी ठेवली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तिने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, हात बदलून मोजलं. शुक्रवारी फिरवायला कोणी नव्हतं.

झरोक्यातून ऊन सरळ खाली उतरलं की दुपार झाली हे त्याला कळत असणार. डब्यातलं पाणी दोघांनी वाटून घेतलं असणार, त्याने आणि रोपाने.

गुरुवारी बाजाराचा दिवस होता. ती शाळेच्या फाटकावरूनच गेली होती.

कुंडी पदराखाली घेऊन ती पहारेकऱ्याच्या खोलीत गेली. तो पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होता.

"या वहिनी. आज काय, बागकाम?"

"भावोजी, त्या कागदात काय लिहिलं होतं?"

"कुठल्या?"

"तुम्ही वाचलात त्या."

"सांगितलं की तेव्हाच. सोमवारी..."

तिने कुंडी त्याच्या वर्तमानपत्रावर ठेवली. "मला अक्षर येत नाही. हे येतं. मोजा."

त्याने मोजलं नाही. दरवर्षी दोस्ताच्या हातात तसली रोपं त्याने पाहिली होती.

"गुरुवार," तो म्हणाला. "गुरुवारी संध्याकाळनंतर, असं होतं."

"खोटं का वाचलंत?"

"तुमच्यासाठी, असं म्हणायला बरं वाटलं असतं." त्याने चष्मा काढला. "सोमवारी संध्याकाळी मी प्रयोगशाळेच्या इमारतीला कुलूप लावत होतो. आतून तीन ठोके आले. वहिनी, तुम्हाला माहीत आहे तो कसा होता. दहा वर्षं मला त्या सांगाड्याच्या नावानं घाबरवत आला. आत लपायचा, तीन ठोके द्यायचा आणि मी पळालो की पोट धरून हसायचा. मी म्हटलं, आज नाही फसणार बेट्या. ओरडलो, ठोक, सकाळपर्यंत ठोक! त्याच्याकडे मागच्या जिन्याची चावी असायची, म्हणून बिनधास्त कुलूप घातलं आणि गेलो. शनिवारपर्यंत तिकडे फिरकलो नाही."

बाहेर घंटा झाली. मुलं फाटकाकडे धावली.

"तुम्ही त्याला थट्टा समजलात," ती म्हणाली. "मी रुसवा समजले. मला तर फाटक उघडंच होतं, भावोजी."

त्याने हात जोडले. तिने ते खाली केले नाहीत आणि त्याला बरं वाटेल असं काही बोललीही नाही. प्रयोगाची कुंडी आतल्या खोलीत ठेवायची राहिली होती. ती ठेवून, दाराची कडीच पेचकसाने काढून पदरात बांधून, ती घरी निघाली. एक वीट पिशवीत होती.

दिवेलागण झाली. कपाटातून ठोके आले. टक, टक, टक.

आज तिने भिंतीकडे तोंड केलं नाही. "आले," ती मोठ्यांदा म्हणाली. "आले हो, थांबा." गुडघ्यावर हात टेकून उठली, तो गेल्यापासून पहिल्यांदा कपाटाचं दार उघडलं. कपडे होते. कपड्यांमागे, कोपऱ्यात, छत्री होती.

तिने छत्रीला हात लावला नाही. दार सताड उघडलं, ते मिटू नये म्हणून खाली वीट लावली आणि समोर जमिनीवर बसून राहिली.

ठोके त्या दिवशी थांबले असं सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. थांबले नाहीत. दार उघडं असलं तरी येतात. पण आता ती प्रत्येक वेळी ओ देते.